पाठीवरचे ठिपके

“भाऊजी, ती गोष्ट सूनबाईसमोर नको हं. पोराला नोकरी मोठ्या मुश्किलीनं मिळालीय. उद्यापासून रात्रपाळी. हिनं ऐकलं तर त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही.”

सासूबाई दबक्या आवाजात बोलत होत्या, पण स्वयंपाकघराच्या दाराला फट होती. नवी सून हातातला पेला विसळत राहिली. लग्नाला सव्वा महिना झाला होता. तेवढ्यात तिला एक कळून चुकलं होतं, गप्प बसणारीला सगळं ऐकू येतं.

शनिवार होता. दहा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली आणि सगळे बाहेरच्या खोलीत मेणबत्तीभोवती जमले. दिराला कॉलेजसाठी प्रिंटर घ्यायचा होता. इंकजेट की लेसर, यावरून त्याची बहिणीशी जुंपली होती.

“इंकजेट स्वस्त मिळतो,” चुलतसासरे म्हणाले. घरात सगळे त्यांना काकाच म्हणत. “पण महिनाभर हात लावला नाही की शाई वाळते. वर कागदावर पाण्याचा थेंब पडला की अक्षरं रडायला लागतात. लेसर बरा. पूड भाजून चिकटवतो. गपगुमान.”

“आणि तुमच्या काळातला तो डॉट मॅट्रिक्स?” नणंद हसली. “दाढ दुखल्यासारखा कळवळतो मेला!”

काका हसले नाहीत. “तो ठोकतो. सुया फितीवर आपटतात, म्हणून कार्बन घातला की एका फटक्यात तीन प्रती. बाकीच्या दोघांना ते जमत नाही. ते कागदाला मारत नाहीत.”

सासूबाई खाकरल्या. पण दिरानं “सांगा ना, काका” लावून धरलं. काकांनी एकदा सुनेकडे पाहिलं, आणि मग सुरुवात केली.

“माझ्या ओळखीचा एक कारकून होता. इस्पितळात, नोंदींच्या खोलीत, रात्रपाळीला. कुणी गेलं की मृत्यूची नोंद छापायची. एक प्रत वॉर्डला, एक घरच्यांना, एक फायलीत. त्या खोलीचा एकच नियम. काम संपलं की मशीनमधून कागद काढून ठेवायचा. का, ते कुणी सांगत नसे. नऊ नोव्हेंबरच्या रात्री तो विसरला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलावर डोकं टेकलं होतं. आणि मशीन सुरू झालं.”

“बटण चालू राहिलं असेल,” दीर म्हणाला.

“बंद होतं.”

कुणीतरी पाय आखडून घेतले.

“एकच ओळ. तीन प्रती. त्याच्या बायकोचं नाव. खाली तारीख, दहा नोव्हेंबर. ती घरी झोपलेली. धडधाकट. त्यानं कागद फाडला. कुणाला बोलला नाही.”

“मग?”

“मग... दहा तारखेला त्यानंच छापलं. तेच नाव.”

सुनेनं मान वर केली. समोरच्या भिंतीवर काकूंचा फोटो होता. रोज सकाळी तोच फडक्यानं पुसत होती ती. खाली तारीख होती. दहा नोव्हेंबर.

“पण काका,” तिचा नवरा म्हणाला, “तिथं आता लेसर आहे. मी स्वतः पाहिलाय.”

“हो. जुनं मशीन भंगारात गेलं. लेसर मारत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. मग नवा कारकून आला. एका रात्री लेसरमधून कागद निघाला. गरम. कोरा. पाठीवरून बोट फिरवलं तर... सुयांचे ठिपके. ठोकलेले. त्याच्याही बायकोचं नाव.” काका थांबले. “तोही कुणाला बोलला नाही.”

अंगठा तर्जनीवर घासत ते बसून राहिले.

“पुरे झाल्या गप्पा,” सासूबाई उठल्या. “सूनबाई, तू मनावर घेऊ नकोस.”

सून कपाटाशी गेली. फायलीतून नवऱ्याच्या त्याच इस्पितळातल्या नेमणुकीचं पत्र काढलं आणि मेणबत्तीपाशी पालथं ठेवलं. कुणी हात पुढे केला नाही.

“आज सकाळी हे लावताना बोटाला खरखर लागली,” ती म्हणाली. “छपाई लेसरची आहे. पाठीवर मात्र ठिपके उठलेत. उलटे होते, म्हणून आरशासमोर धरून वाचले. माझं नाव आहे. लग्नानंतरचं. ते मी अजून कुठल्याच कागदावर लावलेलं नाही. खाली तारीख आहे. ती मी वाचली नाही. ती तुम्ही वाचा, काका. मोठ्यानं.”