एका ओढणीखाली दोघं

तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा. मीपण आयुष्यभर असल्या गोष्टींना हसतच आलोय. आमच्या घरात भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्याशिवाय तिसरा फोटो नाही. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन माणूस मी, मीटर दाखवेल तेवढंच खरं मानणारा. तरी सत्त्याण्णव साली बहारीनला जे झालं ते सांगतो. फक्त मधे बोलू नका, माझी तार तुटते.

मी तेव्हा दम्मामला नोकरीला होतो. धाकटा भाऊ उज्ज्वल बहारीनला, सलमाबादच्या एका सिमेंट ब्लॉकच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मधे समुद्रावरचा पूल, तासा-दीड तासाचा रस्ता. आईनं गावच्या एका माणसाबरोबर सुकट आणि आमसुलं पाठवली होती, ती त्याला पोचवायची, दुपारी एकत्र जेवायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं, एवढंच माझं काम. सकाळी निघालो तेव्हा पुलावर ऊन तापलं होतं आणि मी मजेत शीळ घालत होतो.

आता लपवत नाही. उज्ज्वलच्या मानेवर एक मरण होतं.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या कारखान्यात अलीमियाँ म्हणून एक म्हातारा फिटर होता, रायगडकडचा. मिक्सरच्या पोटात सिमेंट घट्ट बसलं की तो आत उतरून छिन्नीनं फोडायचा. नियम असा की आत माणूस असला की पॅनेलच्या हँडलला लाल टॅग लावायचा, आणि ज्यानं लावला त्यानंच काढायचा. त्या दिवशी फोरमन "यल्ला, यल्ला", चला लवकर, करत डोक्यावर बसला होता. उज्ज्वलला वाटलं म्हातारा चहाला गेला. त्यानं टॅग काढला आणि हँडल खाली ओढलं. मिक्सरनं आधी अलीमियाँचा उजवा हात धरला, मग बाकीचा माणूस. मशीन थांबेपर्यंत आत किंचाळणारं कुणी उरलं नव्हतं.

उज्ज्वलनं टॅग खिशात घातला. चौकशीत सांगितलं, टॅग नव्हताच. दोष मेलेल्या माणसाच्या माथी गेला. रात्री फोनवर मला खरं सांगून तो लहान मुलासारखा रडला. आणि मी, सगळ्यांना सेफ्टीचे धडे देणारा मी, त्याला म्हणालो, "गप्प बस. जेल होईल. आई मरेल. तोंडाला कुलूप लाव." त्यानं लावलं.

त्यातून आणखी एक त्रास उभा राहिला. अलीमियाँचा भाचा मुनाफ बहारीनमधल्याच मुहर्रकला राहायचा, एका मंडपवाल्याकडे कामाला. मामूचं मयत उज्ज्वलनं बाहेर काढलं, एवढंच त्याला माहीत. तेव्हापासून त्यानं उज्ज्वलला सख्ख्या भावासारखं धरलं. जेवायला बोलवायचा, कपडे घ्यायचा. उज्ज्वल त्याच्या घरचा घास गिळायचा आणि बाहेर येऊन ओकायचा.

मी गेलो त्या शुक्रवारी मुनाफनंच पास आणले. मनामाच्या एका हॉटेलात व्हिएतनामची मंडळी गाणं-नाच घेऊन आली होती, आणि मुनाफच्या मालकानं खुर्च्या पुरवल्या होत्या.

"चला ना हरिदासभाय," मुनाफ म्हणाला. "फुकटात परदेश बघायला मिळतोय. चार वाजता सुरू, सहाला खलास. तुम्ही अंधार पडायच्या आत पुलावर."

उज्ज्वल नको म्हणत होता. मीच म्हटलं, "चल रे, तोंड कशाला पाडतोस? मामूचा भाचा एवढ्या प्रेमानं बोलावतोय." त्याला टोचायचं म्हणून नव्हे हो. सहज निघून गेलं तोंडातून.

हॉलला एकही खिडकी नव्हती. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख आणि उदबत्तीचा दाट वास. आम्ही तिघं पहिल्या रांगेत. सुरुवातीला छान वाटलं. एक बाई एकाच तारेचं वाद्य वाजवत होती, एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातानं बारीकशी काठी वाकवायची. त्या एका तारेतून माणूस हुंदके देत बोलतोय असं वाटायचं. मग टोकदार टोप्यांचा नाच झाला, डोक्यावर पेटते दिवे ठेवून पोरी नाचल्या. मुनाफ टाळ्या पिटत होता. उज्ज्वलपण जरा सैल झाला.

शेवटच्या नाचाआधी त्यांचा दुभाष्या पुढं आला आणि इंग्रजीत सांगू लागला. हा देवळातला नाच आहे, आज फक्त नमुना. नाचणारी लान डोक्यावर लाल ओढणी घेऊन बसेल. ओढणी असेपर्यंत देवता येतील आणि पुढं जातील. तिनं ओढणी काढली म्हणजे जो आला तो राहिला. पुन्हा डोक्यावर ओढणी पडली की तो जातो. "एक विनंती," तो हसत म्हणाला, "ओढणी असताना कृपा करून कुणी हाक मारू नका. आमच्या म्हाताऱ्या ढोलवाल्याला आवडत नाही."

ढोलवाला हसला नाही.

लान बसली. विशी-बाविशीची, नाजूक. लाल ओढणीनं तोंड झाकलं आणि ती गोल गोल घुमायला लागली. ढोल सुरू झाला. आणि उज्ज्वल माझ्या कानाशी खुदकन हसला.

"दादा... वारं आलं बघ बाईला."

आमच्या गावात वरच्या आळीला अंगात यायचं. घुमणाऱ्या बाईला भगत 'झाड' म्हणायचा आणि दरडावून नाव विचारायचा. आम्ही धर्म बदलला, ते सगळं सोडलं, पण पोरं त्याची नक्कल करायची आणि उज्ज्वल त्यात पटाईत. चार महिन्यांनी पहिल्यांदा हसला होता पोरगा. मला बरं वाटलं. मी त्याला कोपरानं ढोसून म्हटलं, "विचार की मग!"

मी म्हटलं. हे लक्षात ठेवा.

उज्ज्वलनं भगताचा आवाज काढला. "ए झाडा! कोण हायस तू? नाव सांग, गाव सांग!"

ढोल थांबला. म्हाताऱ्यानं टिपरू हातातून टाकून दिलं. दुभाष्या ओठांवर बोट ठेवून पुढं धावला, पण ओढणीखालचं डोकं घुमायचं थांबलं होतं. ते सावकाश आमच्याकडं वळलं. मग लाल ओढणी घसरली आणि मंचाच्या पायरीवर पडली.

चेहरा लानचाच होता. आवाज मात्र म्हाताऱ्या पुरुषाचा, घशात सिमेंटची भुकटी अडकलेला.

"उज्वल... बाला... माजा टॅग कुठं टाकलास?"

लोकांना वाटलं हा नाचाचाच भाग. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. शेजारी मुनाफ उभा राहिला.

"मामू...?"

"मी लावलेला, मुनाफ. टॅग मी लावलेला. यानं काढला."

मुनाफनं उज्ज्वलकडं पाहिलं. उज्ज्वलनं नुसती मान खाली घातली. त्याच्याकडून काही वदवायची गरजच राहिली नाही.

तेवढ्यात लानचा उजवा हात फिरायला लागला. तिला कुणी हात लावला नव्हता. हात आपोआप पिळवटत होता, मनगट, कोपर, खांदा. कडाकडा हाडं मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. कोपरातून पांढरं हाड बाहेर आलं, रक्त पहिल्या रांगेतल्या बायकांच्या मांडीवर उडालं आणि मग किंकाळ्या सुरू झाल्या. खुर्च्या कोसळल्या, लोक एकमेकांना तुडवत दाराकडं पळाले. लानच्या तोंडावर वेदनेची रेघ नव्हती. ती तो लोंबता हात घेऊन पायऱ्या उतरली. डाव्या हातात मंचावरून उचललेली नाचाची तलवार होती, पत्र्याची, खेळण्यातली.

पहिला वार उज्ज्वलच्या खांद्यावर बसला. दुसरा गालावर, दात दिसेपर्यंत. तो पळाला नाही. मी त्याला ओढत होतो, तरी तो जागचा हलला नाही. तिसऱ्या वाराला तलवार वाकली तेव्हा तिनं ती फेकून दिली, त्याला छातीशी आवळलं आणि त्याचा उजवा हात धरून पिळायला लागली. एवढीशी पोरगी हो! माझ्या भावाचा हात मोडताना मी माझ्या कानांनी ऐकला.

"दादा...!"

मला ओढणी दिसली. डोक्यावर पडली की जातो, असं दुभाष्या म्हणाला होता. मी पायरीवर झेप घेऊन ती उचलली, तोच मुनाफनं मला मागून धरलं.

"सोड ती!"

"मुनाफ, मारेल रे त्याला!"

"चार महिने माझ्या घरात जेवला तो!" मुनाफ रडत होता. "चार महिने! मामूला बोलू दे..."

त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. हे पुढचे दोन दात खोटे आहेत, बघा. मी त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली, तो कोसळला, आणि मी जीव खाऊन ओढणी लानच्या डोक्यावर भिरकावली.

दोघं एकमेकांना चिकटलेले होते. ओढणी दोघांच्या डोक्यावर पडली.

एकदम शांत झालं. लाल कापडाखाली दोन डोकी, हलत नव्हती. ढोलवाला म्हातारा मंचावरून ओरडायला लागला, दोन्ही हातांनी काही नको-नको म्हणत. मला काय कळणार? मी धावत गेलो आणि ओढणी ओढून काढली.

लान जमिनीवर कोसळली आणि आता मात्र गुरासारखी ओरडायला लागली. डावा हात तिनं माझ्याकडं लांब केला. माझी पँट धरली. मी पाय झटकून सोडवून घेतला, कारण मला माझा भाऊ बघायचा होता. उज्ज्वल उभा होता. गाल फाटलेला, हात लोंबता, पण डोळे अगदी शांत. तो माझ्याकडं बघून परक्या माणसाला हसावं तसा हसला.

"पानी दे रे, मुनाफ," तो म्हणाला. "घशात लय सिमेंट गेलाय."

मुनाफ गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पायांना मिठी मारली. माझ्याकडं त्यानं वळून पाहिलं नाही.

पोलीस आले, अँब्युलन्स आली. पोलिसांनी वेड्या बाईचा हल्ला असं लिहून घेतलं. त्यांना आणि दुभाष्याला मी माझा दम्मामचा पत्ता आणि मुनाफचा फोन नंबर दिला होता. त्या मंडळींना दोन दिवसांत परत पाठवलं. जाण्याआधी दुभाष्या हॉस्पिटलात आला, तो कॉटवरच्या माणसाकडं बघेना. मला एवढंच म्हणाला, "एका ओढणीखाली दोघं कधी नसतात. कोण कुठं गेलं, ते आम्ही सांगू शकत नाही."

मी त्याला हाकलून दिलं. मीटरवाला माणूस ना मी.

बरा झाल्यावर कॉटवरचा तो माणूस मुनाफकडे मुहर्रकला राहायला गेला. मी दर शुक्रवारी पूल ओलांडून जायचो. तो मला "हरिदासभाय" म्हणायचा, आईचं नाव सांगितलं की विनयानं मान हलवायचा. रायगडच्या घराची, बायकोची, विहिरीची आठवण काढायचा. आईला मी पत्रात लिहायचो, उज्ज्वल मजेत आहे, हात दुखावलाय म्हणून स्वतः लिहीत नाही.

आठ महिन्यांनी एका शुक्रवारी दुपारी तिथं फोन वाजला. मुनाफ नमाजला गेला होता. घरात आम्ही दोघंच, तो जेवत होता. मी उचलला.

दुभाष्या होता. लांबचा, खरखरता आवाज. लान घरी आहे, म्हणाला, पण आईला ओळखत नाही, आमची भाषा तिला येत नाही. उजेडातसुद्धा दिवे लावा म्हणून खुणा करते. एकच शब्द बोलते. तुमच्या भाषेतला असेल तर अर्थ सांगा, तिची आई फार रडते. मग त्यानं फोन तिच्या तोंडाशी धरला.

बारीक, बाईचा आवाज.

"दादा..."

मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"दादा, तू आहेस ना? सांगतो मी. सगळ्यांना सांगतो, टॅग मी काढला. आता गप्प नाय बसवत. मला इथनं ने रे, दादा... इथं माझं कुणी नाय."

माझ्या पाठीमागं जेवणाचा आवाज थांबला होता. तो डाव्या हातातला घास तसाच धरून माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. वाट बघत होता.

तुम्ही काय केलं असतं? नाही, सांगू नका. काय सांगणार होतो मी? कुणाला? आणि एकाला आणायचं तर दुसऱ्याला पुन्हा त्या मिक्सरमध्ये... हे मी नंतर रचलं. खरं सांगतो, मला त्या नजरेची भीती वाटली. मी दुभाष्याला म्हणालो, "नो मीनिंग. आमची भाषा नाही ही." आणि फोन ठेवला.

"कोण?" त्यानं विचारलं.

"राँग नंबर."

त्यानं मान डोलावली आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "जेवा हरिदासभाय, निवतंय." मी जेवलो.

त्यानंतर दर शुक्रवारी त्याच वेळेला फोन यायचा. दुभाष्या नसायचा, थेट तोच आवाज. उचलायचो मीच, दुसऱ्या कुणाला उचलू देत नव्हतो. "राँग नंबर" म्हणायचो आणि ठेवायचो.

मग एक दिवस दम्मामला दुभाष्याचं पत्र आलं. लान गेली. आधी तिचा आवाज गेला, मग ती. त्या पहिल्या फोननंतर तिसऱ्याच दिवशी. घरात टेलिफोन नव्हता, त्या दिवशी तिला पोस्टात नेलं होतं. कळवायला उशीर झाला, क्षमा असावी.

मी पत्रातली ती गेल्याची तारीख बघितली. तिला जाऊन अकरा आठवडे झाले होते. आदल्याच दिवशी शुक्रवार होता, आणि आदल्याच दिवशी मी त्याला म्हणालो होतो, राँग नंबर.