अर्धी वाट

दार एक, जाड लाकडाचं, लोखंडी पट्ट्या ठोकलेलं. झरोका एक, छताला लागून, वीतभर रुंद. भिंतीत कड्या सात, त्यांतल्या दोन तुटलेल्या. जमिनीत एक चर, पार दारापर्यंत गेलेला. दिवा नाही. वायर नाही. माणूस... एकही नाही.

ही नोंद अराबाने स्वतःच्या हाताने केली आहे. मंगळवार, १२ मार्च २०१९, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. वही अजून तिच्याकडे आहे.

घानाच्या किनाऱ्यावरचा तो लहान किल्ला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसं अजून तिथं राहतात. जहाज येईपर्यंत गुलामांना याच तळघरात कोंडून ठेवत.

अराबा फिजिक्स शिकून मग संग्रहालयशास्त्राकडे वळलेली. विद्यापीठात जमा करायच्या कागदावर तिने तीन उद्दिष्टं लिहिली होती. एक, खोली मोजायची. दोन, आत किती माणसं कोंडत ते शोधायचं. तीन, किल्ल्याच्या नव्या फलकावर कोणता आकडा लिहायचा ते ठरवायचं.

विद्यापीठातल्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "आकडा तुझा, सही तुझी."

तिसऱ्या उद्दिष्टाने तिची झोप उडाली होती. जास्त लिहिला तर ती थाप ठरणार. कमी लिहिला तर मेलेली माणसं पुन्हा एकदा पुसली जाणार... आणि या वेळी तिच्या हाताने.

राखणदार म्हातारा दाराशी शेंगदाणे सोलत बसला होता. त्याला सगळं गाव एग्या म्हणायचं, म्हणजे बाबा.

"एग्या, जुन्या फलकावर दीडशे माणसं लिहिलीत. मोजली कुणी?"

"माझ्या वडिलांनी सांगितली."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या वडिलांनी. आणखी वर चढायचं असेल तर शिडी आण."

"आडवं व्हायला जागा धरली तर पासष्ट मावतात."

"आडवं व्हायला?" म्हातारा खो खो हसला. "पोरी, तुला हे लॉज वाटलं की काय?"

अराबाला हसू आलं नाही. मोठा आकडा ऐकला की पाहुण्यांचे डोळे भरून येतात. म्हातारा तो फुगवून सांगतो, असा तिला दाट संशय होता.

म्हाताऱ्यालाही तिचा होताच. "तू कमी करायलाच आली आहेस," तो म्हणाला.

तिने झरोक्यावर काळं प्लास्टिक चिकटवलं. कार्बन डायऑक्साइड मोजणारं मीटर जमिनीवर ठेवलं. बंद खोलीतली हवा एका माणसाच्या श्वासाने किती बिघडते ते तिला बघायचं होतं. खोली मोठी होती. तिच्या एकटीच्या श्वासाने अकरा मिनिटांत मीटरवरचा आकडा वीस-बावीसनेच वाढायला हवा होता.

"अकरा मिनिटांनी उघडा, एग्या. आधी नाही."

"आणि ओरडलीस तर?"

"मी ओरडत नाही."

"हं. फिजिक्सवाल्यांना गळा नसतो वाटतं."

दार लागलं.

अंधार.

बाहेर वाळूत कोळी जाळी दुरुस्त करत होते. मंगळवारी समुद्राला सुट्टी असते, एकही होडी पाण्यात जात नाही. त्यांचं हसणं भिंतीतून अस्पष्ट ऐकू येत होतं.

मग ते थांबलं.

हळूहळू नाही... मध्येच तोडल्यासारखं.

छतावरून एक थेंब तिच्या ओठावर पडला. तिने नकळत जीभ फिरवली. खारट.

आणि अगदी शांत, घरच्यासारखा आवाज आला...

"इथं सगळं ठीक आहे. वाट चालून तू आली आहेस."

अराबा याच किनाऱ्यावरच्या फांटी लोकांतली. फांटी माणसाच्या घरी पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग हेच म्हणतात. त्यावर पाहुण्याने आपलं येण्याचं कारण सांगायचं. सांगितल्याशिवाय बसणं हा उद्धटपणा. अराबाला हे बोलायला लागल्यापासून शिकवलेलं.

डोकं जागेवर येण्याआधी तोंड बोलून गेलं.

"मीही बरी आहे. मी तीन कामांनी आलेय. खोली मोजायला. इथं किती जण होते ते शोधायला. आणि फलकावर किती लिहायचे ते ठरवायला."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं... आत दुसरं कुणी नव्हतं.



मग... एक श्वास. डावीकडून.

मग उजवीकडून.

मग पाठीमागून, मानेला ऊब लागावी इतक्या जवळून.

मग खालून. गुडघ्याच्या उंचीवरून.

'स्पीकर!' तिच्या मनात आलं. 'म्हाताऱ्याने लावलाय.' ती भिंत चाचपू लागली. दगड. ओल. पुन्हा दगड.

दाराशी जाऊन तिने धक्का दिला. हललं नाही.

"एग्या!"

तिने पुन्हा खांदा लावला.

तेव्हा तिला उमगलं. ती पाहुणी होती. पाहुणा असा उठून जात नाही. वाट मागावी लागते.

"मला... मला वाट द्या."

या वेळी उत्तर एका गळ्यातून आलं नाही.

"अर्धी दिली."

दार उघडलं. उजेडात म्हातारा उभा. "अकरा मिनिटं. घड्याळ लावून."

"आत कुणाला लपवलंय?" ती किंचाळली.

"गळा आहे की तुला," तो म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि बाजूला सरला.

तिने कोळ्यांना विचारलं. एग्या जागचा हलला नव्हता.

"दार उघडायला उठला, तेवढाच त्याचा वर्षाचा व्यायाम," एक जण म्हणाला.

"तुम्ही हसायचं का थांबलात मध्येच?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "थांबलो कुठं, ताई?"

परत दाराशी आल्यावर तिने एग्याला सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने शेंगदाण्याची टरफलं बाजूला सारली.

"पाणी कुणी दिलं तुला? पाण्याशिवाय कुणी कारण विचारत नाही."

अराबाने ओठाला हात लावला.

"वाट मागितलीस?"

"हो."

"सगळी दिली?"

तिने नकारार्थी मान हलवली. घरोघरी निघणाऱ्याला अर्धीच वाट देतात. उरलेल्या अर्धीसाठी पाहुण्याने परत यावं म्हणून. त्यावर सगळे हसतात.

म्हातारा हसला नाही. "आता मी आकडा सांगणार नाही," तो म्हणाला. "तू लिही."

अराबा त्या गावाला पुन्हा गेलेली नाही. आजही कुणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला की ती आधी खोलीत किती माणसं आहेत ते बघते.

मीटर तिने प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मीटरशेजारी ठेवून तपासलं. फरक फक्त नऊचा. गणित तीनदा केलं, तिसऱ्यांदा मैत्रिणीकडून करून घेतलं.

खोली १५१.५ घनमीटर. दार लागताना हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ४३८ भाग. दार उघडताना ४९९१.

श्वास घेणारी माणसं, अराबाला धरून: दोनशे नऊ.