नवलांश शून्य

वेंगुर्ल्याच्या सागरतळ संशोधन संस्थेत इंटरनेटवर चालणारी नवी टेलिफोन यंत्रणा बसवायची ठरली, तेव्हा पहिलं भांडण झालं ते एक्स्टेन्शन नंबरांवरून. विज्ञानाची वेळ नंतर आली. संचालक डॉ. मुकुंद आजरेकरांना एकशे एक हवा होता आणि लेखा विभागाचं म्हणणं असं की तो नंबर पहिल्यापासून त्यांचा आहे. टेलिफोन अभियंता श्रीरंग तोरसकर याने दोघांची समजूत घालून संचालकांना शंभर दिला. शंभर एकशे एकच्या आधी येतो हे कळल्यावर आजरेकरांची कळी खुलली.

खरी अडचण होती तळघराची. समुद्राच्या बुडाशी असलेल्या संस्थेच्या केंद्राला सगळे तळघर म्हणत. तिथे पाच-सहा शास्त्रज्ञ वर्ष वर्ष राहून काम करत आणि रसद घेऊन जाणारी पाणबुडी दोन महिन्यांतून एकदा खाली जाई. तिथवर केबल टाकून पाहिली होती, पण मासेमारीच्या ट्रॉलरांनी ती दोनदा तोडली. रेडिओलहरी पाण्यात फार खोल शिरत नाहीत. उरला एकच मार्ग. तळघराच्या बरोबर वर एक बोया, म्हणजे दोराने तळाशी बांधलेला पोकळ गोळा, तरंगत ठेवायचा. किनाऱ्यापासून बोयापर्यंत इंटरनेट, आणि बोयापासून खाली ध्वनिलहरी.

"पण ध्वनिलहरींवरून माहिती पाठवणं म्हणजे बाटलीच्या तोंडातून पोतंभर तांदूळ ओतणं," कोल्हापूरहून आलेल्या वाणीतज्ज्ञ डॉ. रुक्साना मुजावर म्हणाल्या. प्रयोगशाळेत संचालकांसह सगळे जमले होते. "सहा माणसांचं बोलणं त्यातून जाणार नाही. म्हणून आपण ते पाठवायचंच नाही."

"म्हणजे?" आजरेकर म्हणाले. "फोन बसवायचा आणि बोलणं पाठवायचं नाही?"

"सर, तुम्ही फोन उचलल्यावर काय म्हणता?"

"'बोला, आजरेकर बोलतोय, थोडक्यात सांगा,'" प्रयोगशाळेतले तिघं एका सुरात म्हणाले.

"बघा! सगळ्यांना आधीच माहीत असलेलं वाक्य पाण्यातून ढकलायचं कशाला?" मुजावरबाईंनी फळ्यावर दोन चौकोन काढले. "महिनाभर आपण प्रत्येकाचं बोलणं ऐकून त्याचा एक बोलठसा तयार करू. कोण कशाला काय उत्तर देतो, कुठे थांबतो, कुठे हसतो, सगळं त्यात येईल. त्या ठशाची एक प्रत वर, एक खाली. श्रीरंग बोलायला लागला की खालचा ठसा त्याच्याच आवाजात तेच वाक्य बोलतो. इथलं यंत्र नुसतं पडताळत राहतं. ठशाचा अंदाज बरोबर असेल तर काहीच पाठवायचं नाही. चुकला तर तेवढाच फरक पाठवायचा."

"म्हणजे फक्त अनपेक्षित तेवढं जाणार," श्रीरंग म्हणाला.

"हो. त्या फरकाला मी नवलांश म्हणते. शिवाय आवाजाला पाण्यातून जायला सेकंदभर लागतो, तोही खोळंबा नाही. ठसा ताबडतोब उत्तर देतो."

प्रत्येक फोनवर एक छोटी खिडकी होती. समोरून आलेल्या बोलण्यात किती नवलांश होते, तो आकडा तिच्यात दिसे.

यंत्रणा जवळजवळ तयार झाली तेव्हा आजरेकरांनी तिच्यात एक सुधारणा सुचवली. आपण जिवंत आहोत असा संदेश बोया दर मिनिटाला किनाऱ्याला पाठवत होता.

"हा संदेश दर वेळी तोच असतो ना?" आजरेकरांनी विचारलं. "मग तो पूर्ण अपेक्षित झाला. तुमच्याच तत्त्वाप्रमाणे त्याचे नवलांश शून्य. काढून टाका."

मुजावरबाईंना तर्कात खोट काढता येईना. संदेश काढून टाकला गेला.

यंत्रणा सुरू झाली आणि संस्थेची पार करमणूक झाली. आपल्या बोलण्यात नवल किती, हे समोरच्याला आकड्यात दिसतं म्हटल्यावर माणसं चेकाळली. लेखा विभागाचे कारकून तळघराला हिशेब विचारताना मध्येच कोंबडा आरवल्याचा आवाज काढू लागले. आजरेकर मात्र ठाम होते. "कार्यालयीन बोलण्यात नवल असूच नये," ते म्हणत, आणि तळघराचे प्रमुख नाबर यांच्याशी बोलताना खिडकीत शून्य आलं की समाधानाने चहा मागवत.

श्रीरंगला मात्र या यंत्रणेची निराळी ओढ होती. त्याची बायको कालिंदी तळघरात होती. खोल पाण्यातले जीव शोधणं हे तिचं काम, आणि आणखी दोन वर्षं ती तिथेच राहणार होती. श्रीरंगला पाण्याची भयंकर भीती. जेटीवर उभा राहिला तरी तो मागच्या भिंतीला धरून उभा राही. त्यामुळे संसार चालायचा तो फोनवर. सुरुवातीला त्याच्या खिडकीत चांगले आकडे येत. कालिंदी काहीतरी विचित्र सांगे, कधी गाणं मध्येच तोडून भांडे, आणि आकडा टुणकन वर जाई. तो आकडा बघून श्रीरंग दिवसभर शीळ घालत फिरायचा.

मग अमावास्येचं मोठं उधाण येऊन गेलं आणि त्यानंतर आकडा शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी शून्य. पुढच्या आठवड्यातही शून्य. कालिंदी बोलत होती, हसत होती, पण प्रत्येक शब्द ठशाने आधीच ओळखलेला. श्रीरंगला फार वाईट वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्याकडे आपल्यासाठी नवं असं काहीच उरलं नाही की काय?

शेवटी त्याने मनाचा हिय्या केला. "कालिंदी, तळघराला टेलिफोनचा माणूस हवाच आहे. मी येऊ का खाली राहायला?"

"तू?" कालिंदी खळखळून हसली. "तुला जेटीवर गरगरतं. तू आपला तिथेच बरा आहेस."

नकार त्याला एवढा लागला नाही. खिडकीत शून्य होतं, ते लागलं. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात धाडसी प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर यंत्राला आधीच माहीत होतं. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

असेच दिवस चालले होते. एका सकाळी आजरेकर नाबरांशी फोनवर बोलत होते आणि श्रीरंग व मुजावरबाई समोर फायली घेऊन उभे होते. तेवढ्यात दारात पास्कू डिसोजा नावाचा मच्छीमार येऊन उभा राहिला.

"सायबानू, भायर हातगाडयेर गोळो हाडलंय. तो तुमचोच मां? अवसेपासून आमच्या किनाऱ्यार पडलेलो. पोरां तेच्यार बसान खेळतत."

"थांबा हो जरा," आजरेकर फोनवर हात ठेवून म्हणाले. "तळघराशी महत्त्वाचं बोलणं चाललंय."

श्रीरंगने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात हातगाडीवर संस्थेचा पिवळा बोया होता. त्याच्या बुडाला तुटलेला दोर लोंबत होता. आणि आजरेकरांच्या हातातल्या फोनवर नाबर अजूनही बोलत होते, "हो सर, सगळं सुरळीत आहे सर."

मुजावरबाईंनी हातातल्या फायली टेबलावर टाकल्या. "शांत तार आणि तुटलेली तार सारखीच दिसते," त्या पुटपुटल्या. "नवल येत नाही म्हणजे नवल नाही, असं आपण धरून चाललो. अमावास्येपासून सगळे ठशांशीच बोलत होते. खालचेसुद्धा."

श्रीरंगने फोन ओढून घेतला आणि कालिंदीचा नंबर फिरवला. "कालिंदी, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" फोन तिच्या आवाजात म्हणाला. "अगदी मजेत आहे." खिडकीत शून्य होतं. त्याने फोन ठेवून दिला. ती बरी असली काय आणि नसली काय, हा फोन हेच सांगणार होता.

संस्थेची बोट तासाभरात निघाली. बोया चढवला, नवा दोर चढवला, मुजावरबाई चढल्या, मदतीला पास्कूही चढला. सगळ्यांच्या आधी डोळे घट्ट मिटून बोटीत जाऊन बसला होता तो श्रीरंग. वाटेत त्याला इतक्या उलट्या झाल्या की पास्कूने त्याला कमरेला धरून ठेवलं. "परत जावया काय?" पास्कूने विचारलं. श्रीरंगने मान हलवून नाही म्हटलं, कारण बोलायला तोंड उघडण्यात धोका होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोया जागेवर बसला. मुजावरबाईंनी मांडीवरच्या संगणकाचा पडदा उघडला.

"समुद्र खवळला की यंत्र थांबतं आणि शांत झाला की साठलेले फरक पाठवतं," त्या म्हणाल्या. "गेले कित्येक दिवस बिचारं समुद्र शांत व्हायची वाट बघत बसलंय. आता सगळं एकदम येईल. प्रत्येकाचं वेगवेगळं."

पडद्यावर पहिल्यांदा एक्स्टेन्शन शंभर उमटला. आजरेकर आणि नाबर यांच्या सगळ्या संभाषणांतले साठलेले नवलांश: वरून शून्य, खालून शून्य. बाई पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. इतके दिवस दोघांनी एकमेकांना जे जे सांगितलं, ते तार नसतानाही शब्दन् शब्द बरोबर पोचलं होतं. त्यांनी उपग्रहफोनवरून आजरेकरांना कळवलं.

"पाहिलंत?" आजरेकर आनंदाने ओरडले. "नाबर तिथे सुखरूप बोलतायत! आणि आम्ही एक शब्द वावगा बोललो नाही!"

मग श्रीरंगचा नंबर उमटला आणि आकडा वर चढायला लागला. तो थांबेचना. श्रीरंगच्या हातातला फोन कुरकुरला आणि कालिंदीचा आवाज आला. आधीच ठाऊक असलेले शब्द गाळून, नुसतं नवं तेवढं, तुकड्या-तुकड्यांनी.

"...हाताएवढा, पारदर्शक, आणि चक्क मागे मागे चालतो, त्याला तुझं नाव देऊ का... आज उगीचच रडले, काही झालं नव्हतं... तुझ्या बोलण्यात हल्ली नुसतं शून्य येतं रे, माझा कंटाळा आला का... खाली येतोस का माझ्याजवळ राहायला?... बरं, भीती वाटते तर नको. पण मी विचारलं, एवढं लक्षात ठेव..."

श्रीरंग रडत होता आणि हसत होता. पास्कूने दुसरीकडे तोंड फिरवलं. खालीही याच वेळी श्रीरंगची न पोचलेली वाक्यं कालिंदीच्या कानात ओतली जात होती, आणि त्यात तोच प्रश्न उलट्या बाजूने होता; दोघांनाही नकार दिला होता तो ठशांनी.

आवाज थांबला. मग फोन सरळ वाजला. आता तार खरी होती.

"श्रीरंग," कालिंदी म्हणाली. "ऐकलं सगळं. मग? येतोस?"

बोट हेलकावली. श्रीरंगने बोटीचा काठ धरला, घसा साफ केला.

"कळलं!" फोनमध्ये कालिंदी आनंदाने ओरडली. "ये, लवकर ये!"

"अगं, मी अजून बोललोच नाही!"

मुजावरबाई हसायला लागल्या. "ठशाने पण ते सगळं ऐकलंय आता," त्या म्हणाल्या. "तुझा होकार तिला तिथेच मिळाला. इथून काही पाठवावंच लागलं नाही."

"येतो," श्रीरंगने तरीही तोंडाने म्हटलं. मग खालच्या काळ्या पाण्याकडे त्याने पहिल्यांदाच डोळे उघडून नीट पाहिलं. "आणि कालिंदी, मी वेंगुर्ल्यातून बोलत नाहीये. मी बोटीत आहे. तुझ्या बरोबर डोक्यावर."

पाण्यातून आवाज पोचायला लागतो तेवढा वेळ गेला. त्याहून थोडा जास्तच गेला.

"श्रीरंग," कालिंदी म्हणाली, "माझ्या खिडकीत आकडा मावत नाहीये."