बोगद्यातली गाडी

त्या दिवशीही बाबा कचेरीतून कपाळावर आठी घेऊनच आले. हातपाय धुतले, चहा घेतला आणि गच्चीवरच्या खोलीत गेले. तिथे लांबरुंद फळीवर त्यांनी बनवलेलं छोटंसं केम स्टेशन होतं. पुठ्ठ्याची इमारत, पिवळी पाटी, कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्यात बोगदा आणि रुळांवरून फिरणारी छोटी निळी गाडी.

"खाली सगळ्यांना सगळं कालच हवं असतं," बाबा म्हणायचे. "इथं एकच गाडी. तिला घाई नाही, मलाही नाही."

त्या संध्याकाळी खोलीचा फ्यूज उडाला. बाबा हसत खाली आले. "गाडी बोगद्यात अडकली, निवू. आता उद्याच बघू."

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांच्या छातीत कळ आली. ते घरी परतलेच नाहीत.

खोलीला कुलूप लागलं. फ्यूज तसाच राहिला.

मे महिन्याच्या सुट्टीत जिन्यात कॅरम रंगला होता. निवेदिता, खालच्या मजल्यावरचा चुलतभाऊ ओजस आणि शेजारची अजीजा. ओजस राणीवर नेम धरून बसला होता, तेवढ्यात वरून आवाज आला. खड्‌खड्... खड्‌खड्...

"उंदीर," ओजस म्हणाला.

"उंदराला चाकं असतात का रे?" अजीजाने विचारलं.

तिघं गच्चीवर गेली. जुळे सोलापूर उन्हात चिडीचूप होतं. निवेदिताने काचेवरची धूळ पुसली. डोंगराच्या काळ्या तोंडातून निळी गाडी बाहेर येत होती. सावकाश. बाबा चालवायचे अगदी तशीच. खोलीत कुणी नव्हतं.

गाडी केमला पोचलीच नाही. अलीकडेच थांबली.

"खोलीत तर लाईट नाही," ओजस पुटपुटला. त्याने अजीजाची ओढणी धरली होती, हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. तिनेही तो आवाज ऐकला होता. म्हणूनच ती हल्ली वाळवणं खालीच घालायची.

ओजसच्या पप्पांनी, शिवानंदकाकांनी, लगेच निकाल लावला. "रविवारी खोली रिकामी करू. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, त्याला हे सगळं देऊन टाकतो. वहिनी घाबरल्यात."

"पण काका, ती गाडी बाबांची आहे."

"म्हणूनच तर," काका हळू आवाजात म्हणाले.

मग काही दिवस खोली गप्प होती. आणि एका दुपारी पुन्हा खड्‌खड् सुरू झाली. या वेळी गाडी बोगद्यात शिरून दिसेनाशी झाली.

अजीजा घागर कडेवर घेऊन धावत आली. "अगं, मागच्या खेपेला पण नळाचाच दिवस होता की! चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हाच तुमची मोटर चालते."

निवेदिताने ओजसकडे पाहिलं. "नवी मोटर कुणी बसवली?"

"पप्पांनीच. वर टाकी भरल्याची घंटी पण लावली. आई म्हणाली वायरमन बोलवा, तर म्हणाले, मला येतं की."

ओजसने खाली जाऊन मोटर बंद केली. वर गाडीही बोगद्यातच थांबली. मुलांनी वायरीचा माग काढला. घंटीसाठी काकांनी मोटरच्या बटणापासून गच्चीवर वीज नेली होती. नवी वायर कशाला, म्हणून खोलीची बंद पडलेली वायरच वापरली होती. मोटर सुरू झाली की खोलीतही वीज यायची. आणि टाकीमागे वायरींचा जोड उघडाच होता, तांब्याच्या तारा पाण्याने ओल्या.

"हात लावू नका," निवेदिता म्हणाली. "आधी आईला सांगू. आणि काकांना रविवारी."

रविवारी काका मोठं खोकं घेऊन वर आले. आईने कुलूप काढलं.

"काका, बाबांना विचारा ना, गाडी देऊ का म्हणून," निवेदिता म्हणाली.

"काहीतरीच बोलतेस."

"मी विचारते. बाबा, चला."

कठड्यापाशी अजीजाची ओढणी हलली. त्या खुणेसरशी खाली ओजसने मोटरचं बटण दाबलं. बोगद्यातून गाडी निघाली.

काकांच्या हातातलं खोकं खाली पडलं.

"थांबा," निवेदिता म्हणाली. पुन्हा ओढणी हलली. गाडी थांबली.

काका स्टुलावर बसले. तेव्हा आईने त्यांना टाकीमागे नेलं. उघड्या तारा पाहताच ते दोन पावलं मागे सरले.

"वहिनी, वाळवण घालताना तुमचा हात लागला असता तर..." मग ते मुलांकडे वळले. "शाबास रे. मी मोठा शहाणा, आणि डोकं चालवलं तुम्ही."

"पप्पा, आता वायरमन बोलवायचा?" ओजसने साळसूदपणे विचारलं.

"बोलव बाबा. आणि हे खोकं खाली ने."

वायरमन काम करून गेला. खोलीला तिची स्वतःची वीज मिळाली. आई दारातच उभी राहिली. "निवू, गाडीच्या वेगाचं बटण बाबांनी ठेवलं होतं तिथंच आहे अजून. फिरवायचं का नाही, ते तूच ठरव."

निवेदिताने बटणावर हात ठेवला. ते अर्ध्यावर होतं. तिने ते तसंच राहू दिलं. गाडी डोंगराला वळसा घालून केमला आली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही वर आलात की मी रोज जिन्यात येऊन बसायचे. थोड्या वेळाने तुम्ही शीळ घालायला लागायचात. म्हणजे कपाळावरची आठी गेली, असं समजून मला बरं वाटायचं, आणि मी खाली जायचे."