तीन खानावळी

शेवभाजीचा एक घास घेतला की मसाला कुठल्या गावचा, हे मी सांगू शकते. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. मी धुळ्यात शाळेत भूगोल शिकवते. सुट्टी मिळाली की नवरा, जितेंद्र, गाडी काढतो आणि आम्ही खानदेशातल्या खानावळी शोधत फिरतो. पाटी नसलेल्या, चुलीवरच्या. सहा वर्षांत एकशे चाळीस झाल्या. "ज्योत्स्नाची जीभ म्हणजे खानदेशचा नकाशा," असं जितेंद्र चारचौघांत सांगतो. मला ते आवडतं.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सकाळी नऊला सोनगीरला थांबलो. किल्ल्याच्या पायथ्याशी रुपचंदभाऊंची पत्र्याची टपरी आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. शेवभाजीवर बोटभर तर्री होती. घास घेऊन मी म्हणाले, "भाऊ, मसाल्यात काळे तीळ आहेत."

"तुम्हीच तर सांगितलं होतं," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात. तेव्हापासून गिऱ्हाईक हलत नाही. ताई, तुम्हनी जीभ भारी शे."

जितेंद्र हसला. मीही हसले. माझ्यासारखीच कुणी हिंडत असेल, असं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा राग आला. त्या मसाल्यात मीही काळे तीळच सुचवले असते.

दुपारी धरणगाव. धुरपदाबाई अंगणात उलट्या खापरावर मांडे टाकत होत्या. कोपरापर्यंत पसरलेला मांडा, तलम धोतरासारखा पातळ. मान वर करून त्यांनी मला पाहिलं आणि पाटाकडे बोट केलं.

"काल बसल्या होत्या, तिथंच बसा."

"काल?"

"एकट्याच होत्या. हीच साडी होती. जायफळ कमी कर म्हणाल्या. केलं कमी."

काल शनिवार. मी शाळेत पेपर तपासत होते. जितेंद्रनेच मला सोडलं होतं आणि संध्याकाळी आणलंही त्यानेच. शिवाय साडीची घडी मी आजच मोडली होती.

मांडा तोंडात विरघळला. जायफळ अगदी बेताचं होतं.

"गल्लत होते लोकांची," गाडीत जितेंद्र म्हणाला.

"साडीचीसुद्धा?"

पुढे भुसावळपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

साडेचारला बोदवडला पोहोचलो. भिकुबाईंची खानावळ स्टेशनजवळच्या बोळात होती. कळण्याची भाकरी आणि भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"जितू, मी उतरत नाही," मी म्हणाले.

"मी बघून येतो. तुझं नाव कुणी वापरत असेल तर कळायला हवं."

तो पडदा सारून आत गेला. मी गाडीची दारं आतून लावली, काच चार बोटं खाली ठेवली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली.

आत भरीत ठेचल्याचा आवाज येत होता. मग जितेंद्रचं हसणं ऐकू आलं. चारचौघांत माझं कौतुक करताना तो हसतो, ते हसणं.

अखेर तो बाहेर आला. रुमालाने हात पुसत होता. बोटांना लसणाचा वास होता. चेहरा अभिमानाने फुलला होता.

"भिकुबाई थक्क झाल्या," तो काचेशी वाकून म्हणाला. "कळण्यात ज्वारी किती, उडीद किती, एका घासात सांगितलंस तू."

मी काच दोन बोटं वर घेतली.

"मधेच उठून का आलीस पण? अर्धी भाकरी ताटात तशीच आहे."

त्याने दार ओढलं. ते उघडलं नाही.

पडद्याआडून माझ्याच आवाजात हाक आली. "जितू, भरीत गार होतंय."

"आलो," तो सवयीने म्हणाला.

मग त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं.