काळी काच

यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. माझ्या सख्ख्या बायकोचाही बसला नव्हता. पण आमच्या फिलिपिन्सच्या दुमागेते बंदरात, याच धक्क्यावर एका आंधळ्या पोरीनं पहिल्याच भेटीत गुन्हेगार पकडला, आणि पुढे चार महिने ब्र काढला नाही. घ्या, गरम चॉकलेट घ्या, आणि ऐका.

बोट कंपनीच्या वेबसाइटवरची चित्रं रेनान काढायचा. त्या पहाटे त्यानं एक सूचना सजवली होती. निळी लाट, आणि तिच्या फेसात गुंफलेली अक्षरं. मालक खूश! लोक ती बघून काय म्हणतात, ते ऐकायला स्वारी आठाच्या सुमाराला मिरवत धक्क्यावर आली.

बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर पिशवी, शेजारी पांढरी काठी, कानाशी अक्षरं वाचून दाखवणारा फोन. फोन भराभरा बोलायचा आणि एकाच शब्दावर अडायचा... "चित्र." पुन्हा — "चित्र."

चाहूल लागताच तिनं फोन पुढे केला आणि थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारली. "कुया, जरा वाचता का? आठची बोट अजून लागली नाही. कंपनीनं काहीतरी लिहिलंय, पण हा मेला नुसता चित्र-चित्र करतोय."

रेनाननं फोन घेतला.

"वाऱ्यामुळे... आठची बोट आज सहालाच सुटेल. त्यानंतर तीन दिवस बोटी बंद."

तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मग हळूच म्हणाली, "तिकडे बेटावर माझे तातय शेवटचे... मी येईपर्यंत थांबतो म्हणाले होते."

तिचे वडील, तिचे तातय, तीन दिवस थांबले नाहीत.

जोवेलिन तिचं नाव. धक्क्याजवळ मालिश करायची. महिन्याभरानं रेनान तिच्या दारात उभा राहिला. नवं पान केलंय, तपासून देशील का, म्हणाला. मग दर शनिवारी येऊ लागला.

"'इथे दाबा' म्हणतोय तुमचा फोन. का दाबू?"

"मी सांगतो म्हणून."

"तुमच्या सांगण्यावरून मी केळीचं पानसुद्धा हलवणार नाही, कुया."

"सारखं कुया काय... दुसरं काही म्हण ना."

"काय म्हणू? चित्र?"

ती हसली. त्याला हसता आलं नाही.

त्यानं लाटेतली सगळी अक्षरं उपसून खाली साध्या ओळींत मांडली, तेव्हा मालक खेकसला, "हे काय, मयताची नोटीस?"

"ती एकदा झालीच आहे साहेब," रेनान म्हणाला. लाट राहिली. शब्दही खालीच राहिले.

आणि एका शनिवारी, धक्क्यावरच्या त्याच बाकावर, त्याच्यानं राहवेना.

"जोवेलिन, ते चित्र — त्या दिवशीचं... मी काढलं होतं."

तिची बोटं काठीवर थांबली.

"माझ्या फोनची काच मी कायम काळीच ठेवते," ती म्हणाली. "मला उजेड काय करायचाय? बॅटरी तरी वाचते. त्या दिवशी घाईत उजळायची विसरले, आणि तुम्ही काळ्या काचेवरून अक्षर न् अक्षर वाचलंत. इतकं पाठ कुणाला असणार?"

"म्हणजे तू... तेव्हापासून —"

"कधी कबूल करता, याची वाट बघत होते. आधी रागानं. मग भीतीनं."

"भीती कसली?"

"तुम्ही कबूल केलंच नाहीत तर... याची."

वारा पडला होता. रेनाननं तिचा हात हातात घेतला आणि लग्नाचं विचारलं. आणि मंडळी, तिनं त्याच क्षणी हो म्हटलं! चर्चची घंटा आपोआप वाजली, खाडीतले डॉल्फिन दोन पायांवर उभे राहून —

"खोटं, लोलो! आजोबा झालात तरी थापा सुटत नाहीत!" मागच्या बाकावरून जोवेलिन ओरडली. "त्याच क्षणी कुठे? मी नुसती बसून राहिले. त्याच्यासमोर तीन बोटी जाऊ दिल्या. चौथीची वेळ माझ्या फोननं स्वतः वाचून दाखवली... लाट निळी आहे, हे त्यानं लिहून ठेवलेलंही सांगितलं. तेव्हा म्हटलं हो."