गढूळ सुरई

पणजोबांनी वाइनची पिंपे घडवली, आजोबांनी ती भरली, वडिलांनी तळघराच्या किल्ल्या सांभाळल्या. अशा घरातल्या मुलाने पाहुण्यांसमोर गडबडू नये, हे त्यालाही ठाऊक होते. आजची चाखणी नीट पार पडली, तर त्या किल्ल्या त्याच्याकडे येणार होत्या. वडील कोपऱ्यात खुर्ची टाकून पाहत होते.

दरवर्षी येणारे वृद्ध व्यापारी आजारी होते. त्यांच्या जागी त्यांची नात आली. हातमोजे काढून तिने पहिली, सर्वांत नव्या सालाची पोर्ट वाइन हुंगली.

“ही वाइन म्हणजे नवी सून,” ती म्हणाली. “बोलते फार, घराशी अजून जुळलेली नाही.”

“दहा वर्षे थांबा, घर तीच चालवील,” तो म्हणाला.

दुसऱ्या सालाचा घोट तिने जिभेवर घोळवला. “ही सासू. आधी गोड... आणि मग घसा धरते!”

“आता आजेसासूबाई येतील. जरा जपून बोला.”

“का? रागावतील?”

“छे. लाडावून ठेवतील.”

तिसरी बाटली सर्वांत जुनी, तळाशी गाळ धरलेली. मागे मेणबत्ती ठेवून, बाटलीच्या मानेवरून नजर न ढळवता वाइन सुरईत ओतायची आणि गाळ दिसताच हात थांबवायचा. तो ओतू लागला. तेवढ्यात ती हसली — हलकेच, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून. त्याची नजर वर गेली... आणि गाळ सुरईत उतरला.

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. फडक्यातून गाळून वेळ मारून नेता आली असती. त्याने सुरई बाजूला सारली.

“ही मी बिघडवली.”

“हात थरथरला?” तिने विचारले.

“हात नाही... नजर चुकली. ती तुमच्याकडे होती.”

तिचे कान लाल झाले. पण तिने मेणबत्ती उचलून आपल्या चेहऱ्याजवळ धरली. “दुसरी असेल तर उघडा. म्हणजे दोन्हीकडे एकदमच पाहता येईल.”

वडील आत गेले आणि त्याच सालाची बाटली निजल्या बाळासारखी आडवी धरून घेऊन आले.

“बाबा, किल्ल्या राहू द्या. चूक माझी—”

“गप्प बस. तुझी आई समोर बसली होती, तेव्हा मीही अशीच एक घालवली होती. तुझ्या आजोबांनी लगेच दुसरी आणून दिली. ते ऋण इतकी वर्षे डोक्यावर होते.”

बाटली त्यांनी मुलाच्या हाती दिली आणि किल्ल्या व्यापाऱ्यांच्या नातीसमोर मेजावर ठेवल्या.

“आज फिटले.”